प्रांजलीच्या सायकलची सीट

११ ऑगस्ट, सोमवार

सत्यशीले, ही वही कुणाची, आठवतंय का? न्हाई आठवत, मला ठाऊक आहे. मागच्या उन्हाळ्यात जालन्याहून माहेरी आलीस तेव्हा इथंच टाकून गेलीस. मी गावभर सांगितलं, लेकीनं मला वही दिली. चार महिन्यांनी तुझा फोन, "माय, माझी कोरी वही तिकडं राहिली का गं?" राहिली. छत्री राहिली, डबा राहिला, एकदा तर बसस्टँडवर धाकटं पोरगं राहिलं होतं. वही आता कोरी राहणार न्हाई. भरली की परत देईन.

मला अक्षर येत न्हाई, म्हणून मी बोलते आन् तुझी भावजय लिहिते. बेबीनंदा दहावी पास आहे. माझी बोली जराशी धुऊन, पिळून कागदावर वाळत घालते. तिच्याबद्दल काही बोलले की पेनातली शाई संपते. आत्ताच संपली.

रामकिसनला ही वही दाखवायची न्हाई. तो माझा लेक असला तरी सध्या पोरीचा बाप म्हणून फिरून राह्यला.

गोष्ट पोरीचीच आहे. प्रांजली अकरावीला गेली. शाळा जवळच होती, मंठ्याचं कॉलेज आपल्या गावापासून आठ किलोमीटर, सकाळी बस न्हाई. शाळेतून मिळालेली सायकल आहे म्हणून शिक्षण आहे. आन् आता पंधरा दिवस झाले, तिचा गुडघा दुखतोय. सोळा वर्षांच्या पोरीचा गुडघा! माझा दुखला तर समजू. माझा न्हाई दुखत.

१३ ऑगस्ट, बुधवार

तिळाचं तेल कोमट करून चोळलं. एरंडाचं पान बांधलं. पोरगी पायरीवर बसून गुडघ्याच्या वाटीच्या पुढल्या बाजूला बोट लावून दाखवते, "इथं, आजी, बराबर इथं. चढ आला की सुई टोचल्यावाणी." मी म्हणले, "तुझ्या वयात मी मेंढ्यांमागं दिवसभर चालायचे. पायात काटे मोडायचे, पण गुडघा कुठं असतो हे मला लग्नानंतर समजलं."

ती म्हणाली, "तू चालायचीस, आजी. मी चालत न्हाई, बसून चालवते."

"मंग तर दुखायचं कारणच न्हाई. बसून कुणाचं काय दुखतं?"

सायकल मी नीट करून घेतली आहे. त्यात कसूर न्हाई. मागच्या वर्षी ओढ्याच्या पुलावर ही पडली. समोरून कापसाचा ट्रक आला, हिनं ब्रेक मारला, पाय खाली टेकायला गेली आन् पाय टेकलाच न्हाई. सायकलसकट आडवी. ट्रकचं चाक हातभर लांबून गेलं. हे मला त्या ट्रकवाल्यानंच येऊन सांगितलं, तो पाणी मागून प्यायला आन् रडला. त्याच सांजेला मी पंक्चरवाल्या धर्मराजला बोलावून सीट पार तळाला बसवून घेतली. दोन्ही पाय सपाट टेकले पाहिजेत. टाचासुद्धा. तेव्हापासून एकदा पडली न्हाई.

मंग गुडघा का दुखतोय? मला बिलकुल समजून न्हाई राह्यलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

आज पोरीला देवानंदच्या ट्रॅक्टरवर घालून आणलं. सायकल ट्रॉलीत. चढावर उतरून रस्त्याच्या कडेला रडत बसली होती म्हणे.

रामकिसननं जेवता जेवता सांगून टाकलं. "महालक्ष्म्या उठेपर्यंत बघतो. न्हाई थांबलं दुखणं तर सायकल पत्र्याच्या खोलीत, आन् कॉलेज बंद. बाहेरून परीक्षा देईल घरी बसून."

पोरीनं घास तोंडातच धरला. गिळला न्हाई, टाकला न्हाई.

मी रामकिसनच्या ताटात आणखी भाकरी वाढली. तोही पुलाचाच भ्यालेला आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

मीठ-मिरची उतरवून टाकली. मिरची खकाणली न्हाई, म्हणजे नजर आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

बघा! उतरलं. गुडघ्याचं दुखणं उतरलं. काल-आज दोन्ही दिवस पोरगी कॉलेजातून हसत आली. मी शेजारच्या चांगुणाबाईला हाक मारून सांगितलं, तुझ्या मालिशीनं होईना ते माझ्या मिरचीनं झालं.

एक गोष्ट मात्र उलगडत न्हाई. पोरीच्या बोटांना काळं वंगण लागलेलं. दप्तरात पाना सापडला, नट फिरवायचा. मी विचारलं, "हे काय?" म्हणाली, "सायन्सला लागतो."

बेबीनंदाला विचारलं, सायन्सला पाना लागतो का गं? तिला ठसका लागला. पाणी प्यायला उठली ती अर्ध्या तासानं आली.

२० ऑगस्ट, बुधवार

दुखणं परत आलं. पण आता पुढून न्हाई. गुडघ्याच्या मागं, लवणीत. आन् कमरेतून खाली शीर ओढल्यासारखी.

मी कैक दुखणी बघितली. पोटातलं डोक्यात जाताना बघितलं. पण गुडघ्याच्या पुढनं उठून मागं जाऊन बसणारं दुखणं मी पहिल्यांदा बघून राह्यले. चांगुणाबाई आली, तिनं दाबून बघितलं. म्हणाली, "गोपिकाबाई, पुढं असतं तर वात म्हणले असते. मागं म्हणजे…" आन् उठलीच. तिला भाकरी देऊन पाठवलं.

मिरचीनं दुखणं घाबरून मागं लपलं असंल का? बेबीनंदा म्हणते असं लिहू नका. लिही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज सगळं सांगते. दम खाऊन लिही गं, आज शाई संपवायची न्हाई.

सकाळी दोन शेळ्या घेऊन मी पोरीच्या आधीच निघाले आन् ओढ्याच्या पुलाअलीकडं बाभळीच्या आड बसले. थोड्या वेळानं पोरगी आली. उतरली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. दप्तरातून पाना काढला, सीटखालचा नट ढिला केला आन् सीट वर, वर, वर! माझ्या छातीला लागेल इतकी. मंग टांग मारून बसायला लागली.

"सायन्स झालं का?" मी म्हणले.

पाना तिच्या हातून पडला. शेळीनं हुंगला.

पोरगी रडेल वाटलं होतं. भांडली. "आजी, सीट खाली असली की पाय पोटात येतो. सगळा जोर इथं, मांडीच्या पुढच्या अंगावर. म्हणून गुडघा दुखतो. मी वर केली तर थांबला."

"मंग आता मागून का दुखतोय?"

तिचं तोंड उतरलं. "ते मला पण समजलं न्हाई. जास्त वर केली तर अजून पळेल असं वाटलं."

"पळून कुठं जायचं होतं?"

मंग एकेक निघालं. कॉलेजात क्रीडाशिक्षक आहेत, संघपाल सर. त्यांनी हिचं नाव जालन्याच्या जिल्हा सायकल स्पर्धेत घातलंय. घरी सीट खाली ठेवायची, पुलाच्या अलीकडं वर करायची, येताना परत खाली. चार दिवस झाले.

"घरात कुणाला ठाऊक आहे?"

पोरीनं जमिनीकडं बघितलं. "आईला."

म्हणजे इकडं मी मिरची उतरवायची, ही बेबीनंदा माझ्या मिरचीचं कौतुक वहीत लिहायची, आन् पाना कुणाचा? हिच्या शिलाई मशीनच्या पेटीतला!

(पाना मीच दिला. तुम्ही सीट वर करू दिली नसती, आत्याबाई. – बेबीनंदा)

न्हाईच करू दिली असती. पुलावर पडली होती ती माझी नात आहे, चांगुणाबाईची न्हाई. मी दोघींशी दिवसभर बोलले न्हाई. आत्ता बोलून राह्यले ते वहीशी.

पोरीला जाता जाता म्हणले होते, "खाली पुढून दुखतं, वर मागून दुखतं, तर मधात ठेव." ती म्हणाली, "किती मधात?" ते मला काय ठाऊक.

२५ ऑगस्ट, सोमवार

मंठ्याला गेले. बेबीनंदाला घेऊन, त्या सरांना चार गोष्टी ऐकवायला. वाटेत गोष्टी पाठ करत गेले.

सर तरणे आहेत, शांत आहेत, त्यामुळं माझी निम्मी भाषणं वाया गेली. मी म्हणले, "दुसऱ्याच्या पोरीला न विचारता शर्यतीत घालायची रीत कुठली?" ते म्हणाले, "चुकलं, आजी. मला ती म्हणाली घरी ठाऊक आहे. मी घरी यायला पाहिजे होतं." आता असं म्हणल्यावर माणसानं भांडावं कसं?

मी सीटचं विचारलं. म्हणाले, "सांगून पटणार न्हाई. तुम्हीच बसून बघा."

"मी?"

"सायकल स्टँडवर आहे. कुठं जाणार न्हाई."

सत्यशीले, हस. तुझी माय अडुसष्टाव्या वर्षी कॉलेजच्या मागं लुगड्याचा कासोटा घट्ट करून सायकलवर बसली. एका बाजूनं प्रांजलीनं धरलं, एका बाजूनं बेबीनंदानं. मी आजवर सायकलच्या कॅरिअरवरच बसले, तेही एका अंगानं.

आधी सीट तळाला, मी बसवून घेतली होती तशी. पायडल मारलं तर गुडघा छातीशी. चुलीपुढं उकिडवं बसून कुणी जातं ओढायला लावावं तसं. सर म्हणाले, "बेबीनंदाताई, आजींच्या मांडीवर पुढून हात ठेवा. आता मागून." पुढली मांडी दगड. मागलं मांस? मळून ठेवलेली कणीक. झोपलेलं.

मंग सीट चार बोटं वर केली. म्हणाले, "टाच पायडलवर ठेवा. पायडल खाली गेलं की पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. झाला? आता टाच न्हाई, चवडा ठेवा." आता पाय खाली जाताना थोडासाच वाकलेला राहायचा. बेबीनंदा मागं हात ठेवून म्हणाली, "अगंबाई, हे पण उठलं!" खरंच. मांडीच्या मागलं, बैठकीचं, जे मला ठाऊकच नव्हतं की सायकलला लागतं, ते सगळं कामाला लागलं. आन् पुढली मांडी तितकी जळेना.

मंग सर म्हणाले, "आता प्रांजली ठेवायची तशी." आणखी वर. तर माझा पाय पायडल शोधत खाली गेला, चवडा पुरेना, कंबर म्हशीसारखी डावीकडं-उजवीकडं. गुडघ्याच्या लवणीत लगेच ओढ बसली. मी म्हणले, "उतरवा मला जल्दी."

मांडीचं पुढलं आन् मागलं मांस म्हणजे घरातल्या दोन सुना, एकीच्याच माथी दळण, सरपण, पाणी सगळं, आन् दुसरी आतल्या खोलीत पडून. पहिली आजारी पडली की सासू म्हणते, हिला नजर लागली. मी ती सासू. एक सून असून मला हे कळायला सायकलवर बसावं लागलं.

पण माझी भीती तशीच होती. मी म्हणले, "सगळं बराबर. पण सीट वर गेली की पाय टेकत न्हाई. ट्रक आला तर?"

सर पोरीकडं बघून म्हणाले, "दाखव."

ती सायकल पळवत आली, ब्रेक दाबला, आन् थांबता थांबता सीटवरून पुढं सरकून उतरली. सायकल दोन पायांच्या मधात, एक पाय सपाट जमिनीवर. सीट मागं रिकामी.

"थांबताना सीटवर बसून राहायचंच न्हाई, आजी. मागच्या वर्षी तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. ती बसून राहिली आन् पायानं जमीन शोधली."

मी पाच वेळा करून दाखवायला लावलं. पाचही वेळा पाय टेकला. कॅरिअरवर बसणाऱ्या बाईला वाटतं, गाडी थांबेपर्यंत बूड हलवायचं नसतं. म्हणून मी सीटच जमिनीजवळ नेली.

येताना बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसले. बेबीनंदाला वाटलं रागात आहे. रागात नव्हते.

२६ ऑगस्ट, मंगळवार

तुझे वडील आठवून राह्यलेत.

ते घोंगड्या विणायचे. हातमागाचा, पाय सोडायचा खड्डा तुझ्या आजोबांनी खोदलेला, स्वतःच्या पायाच्या मापानं. आजोबा बुटके. तुझे वडील त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. बावीस वर्षं त्याच खड्ड्यात पाय घालून बसले, गुडघे हनुवटीशी. सांजेला उठायचे तर भिंत धरून. आन् मी म्हणायचे, "मेंढ्यांमागं फिरते मी आन् कण्हता तुम्ही. बसून कुणाचं काय दुखतं?"

हेच शब्द. परवा पोरीला बोलले तेच.

खड्डा हातभर खोल करायला कुदळीचं एका सकाळचं काम होतं. त्यांनाही सुचलं न्हाई, मलाही न्हाई. का त्यांना सुचलं होतं आन् बापाचा खड्डा म्हणून हात लावला न्हाई? कुणाला विचारावं.

इतकंच लिही.

३ सप्टेंबर, बुधवार

काल महालक्ष्म्या उठल्या. आज सकाळी रामकिसन सायकलचं हँडल धरून पत्र्याच्या खोलीकडं निघाला. पोरगी दारात, दप्तर खांद्यावर. गेले आठ दिवस ती चालत जाऊन राह्यली होती, कारण मी म्हणले होते, बापाला सांगेपर्यंत सीटला हात लावायचा न्हाई, खालच्या सीटवर बसायचं पण न्हाई. आन् बापाला सांगायचं धाडस मला होईना. रोज म्हणायचे, सण होऊ दे.

मी आडवी उभी राहिले. "ठेव ती खाली."

"माय, बोलणं झालंय आपलं."

"पोरीच्या गुडघ्याला काही झालेलं न्हाई. दुखणं मी लावलं."

त्याला वाटलं मी भानामतीचं काही सांगते. घाबरला बिचारा. मंग मी सगळं सांगितलं. सीट, धर्मराज, पाना, मंठा. सायकलवर बसले तेही. तो ऐकत होता आन् हँडल सोडत नव्हता.

"तूच म्हणल्तीस, पाय टेकला पाहिजे म्हणून."

"म्हणल्ते. चूक झाली."

(आत्याबाईंनी हा शब्द म्हणलेला मी अठरा वर्षांत पहिल्यांदा ऐकला. विचारलं, खरंच लिहू का? म्हणाल्या, दोनदा लिही. चूक झाली. – बेबीनंदा)

"आन् ट्रक?" रामकिसन म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

पोरगी दप्तरातला पाना घेऊन पुढं आली. सायकल त्याच्या हातातून घेतली, सीट चार बोटं वर केली, अंगणातून पळवली आन् त्याच्यापुढं येऊन थांबली. पुढं सरकून. पाय सपाट. तो तिच्या पायाकडंच बघत राहिला. म्हणाला, "परत." तिनं परत केलं. "परत." किती वेळा, मी मोजलं न्हाई, शेळ्या दावणीला ओरडून राह्यल्या.

मंग त्यानं तिला भिंतीशी सायकल टेकवून बसवलं. टाच पायडलवर ठेवायला लावली, पाय कुठं सरळ होतो ते वाकून बघितलं. आत गेला. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेला लाल रंग डबीत उरला होता, तो घेऊन आला आन् सीटच्या दांड्यावर बोटानं आडवी रेघ ओढली.

"ह्याच्या वर न्हाई. ह्याच्या खाली न्हाई."

पोरगी हळूच म्हणाली, "बाबा, चौदा तारखेला स्पर्धा…"

"कॉलेजपुरती सायकल दिली. स्पर्धा-बिर्धा मला सांगू नका. मी येणार न्हाई आन् विचारणार न्हाई."

जा म्हणला का जाऊ नको म्हणला? मी आन् बेबीनंदा सांजेपर्यंत त्याच्यावर खल करून राह्यलो. शेवटी ठरवलं, जा म्हणला.

९ सप्टेंबर, मंगळवार

सहा दिवस रोज कॉलेज, रोज सायकल. गुडघा पुढून न्हाई, मागून न्हाई. मी रोज दोन्हीकडून दाबून बघते. पोरगी म्हणते, "आजी, आता तुझ्या बोटानं दुखायला लागलं."

पण बैठकीत दुखतं म्हणाली. मी घाबरले. सर म्हणाले, ते झोपलेलं मांस आता काम करून राह्यलंय, ते दोन दिवस ठणकणारच, ते चांगलं दुखणं. चांगलं दुखणं! माझ्या डोक्यात शिरलं न्हाई ते, पण ते थांबलं दोन दिवसांनी.

रामकिसन स्पर्धेचं नाव काढत न्हाई. काल मात्र चेनला तेल घालताना दिसला. मला बघून म्हणाला, "गंजून राह्यली होती."

१४ सप्टेंबर, रविवार

पोरगी काल सांजेलाच गेली. सरांनी चार पोरी आन् चार सायकली टेम्पोत घातल्या. रातच्याला तुझ्याकडंच जुन्या जालन्यात उतरली, तुझा फोन आला होता. शर्यत आज दुपारची.

आज सकाळी रामकिसन म्हणाला, मंठ्याला जातो, पाइप आणायचे. पाइप आणायला माणूस इस्त्रीचा शर्ट घालत न्हाई. मोटारसायकलला गोणी बांधली न्हाई. भाकरी ताटात तशीच, एक तुकडा मोडलेला. मोटारसायकल मंठ्याच्या फाट्यावर वळली न्हाई, सरळ जालन्याच्या रस्त्याला लागली. हे देवानंदनं बघितलं आन् येऊन सांगितलं.

बेबीनंदा डोळे पुसून राह्यली. म्हणते, पोरगी कितवी येईल? मला काय ठाऊक. मला अजून हेही नीट समजलं न्हाई की चार बोटांत इतकं काय असतं. पहिली येवो, शेवटची येवो, परवा ती कॉलेजला जाईल सायकलवरच. मला तेवढंच पाहिजे होतं.

एवढं लिहून पेन ठेव आन् सत्यशीलाला फोन लाव. मी सांगते तसं सांग तिला. पोरीला शर्यतीआधी जास्त काही देऊ नको, एक केळ आन् मूठभर गूळ-शेंगदाणे. संपली की दहीभात, मिरचीची फोडणी न घालता. आन् दुसरा डबा वेगळा कर. ज्वारीच्या तीन भाकरी, पातळ न्हाई, जाड. तिळाची चटणी, कांदा फोडून. तो डबा रामकिसनला. तो सरांजवळ, लोकांत दिसणार न्हाई. रस्ता जिथं चढतो तिथं कडेला कुठंतरी उभा असंल, पोरीचा पाय बघत. त्याला विचारू नको का आलास म्हणून. डबा हातात दे आन् म्हण, पोरीचा उरलाय, टाकून कशाला द्यायचा.